डाळिंब स्वस्त का झालं

अहो, थांबा थांबा — त्या डब्यात नको! तो कागदांचा आणि पेल्यांचा. संत्र्याची साल ना ती? आणा इकडे, या बादलीत. ही संत्र्या-लिंबांची, ती पलीकडची डाळिंबाच्या टरफलांची, आणि त्या झाकणाच्या डब्यात बिया — द्राक्षाच्या, कलिंगडाच्या, ज्या निघतील त्या. हसताय? हसा. सगळे आधी हसतात. रसाच्या गाळ्यात कचऱ्याचाच एवढा थाट कुठे बघितला नसेल ना? — बसा की. त्या स्टुलावर नको, ते डुगडुगतं, इकडे बाकावर बसा. हॉस्पिटलच्या रिपोर्टची खिडकी उघडायला अजून वेळ आहे. वडिलांचा म्हणालात ना? येईल हो चांगला. खिडकीतली मुलगी बोलायला तुसडी आहे, पण रिपोर्ट काही ती बनवत नाही. काय देऊ? डाळिंब घ्या. अननसाला आज गोडी नाही, मीच सांगतेय, आणि कलिंगड सकाळीच संपलं. डाळिंबच घ्या. — हो, बरोबर वाचलंत, तोच भाव. बाहेर रस्त्यावर विचाराल तर दुप्पट सांगतील. आता स्वस्त का ते नका विचारू, प्या गुपचूप. — शिळी? शिळी नाहीत हो! हे बघा, तुमच्यासमोर फोडते. आहे का एक तरी दाणा काळा? मग! स्वस्ताईलाही कारणं असतात माणसाची.

हे बादल्यांचं खूळ माझं नाही हं. मी आपली साधी बाई, फळ घ्यायचं, चिरायचं, रस काढायचा, उरलेलं डब्यात. पंचवीसेक वर्षं तेच. तर एकदा सकाळी येऊन बघते तर काय — एक माणूस माझ्या कचऱ्याच्या डब्यात वाकलेला. अर्धा आत! पांढरा कोट, हातात रबरी मोजे, आणि चिमट्यानं एकेक टरफल उचलून उजेडात धरतोय, सोनार खडा बघतो तसं. मला वाटलं झालं, साफसफाईवाल्यांची धाड पडली. मी लांबूनच ओरडले — ओ साहेब, तपासायचं असेल तर गाळ्याच्या समोरून या, डब्यातून काय येताय! तसे ते दचकून जे उठले, ते धाडकन या फळीला डोकं. ही बघा, ही फळी, तेव्हापासून जरा कललीच आहे. आधी त्यांनी डोकं चोळलं, मग मोजा काढला, मग अगदी हळू आवाजात विचारतात, "ही टरफलं कोणाची?" आता काय सांगायचं अशा माणसाला? मी म्हटलं, "डाळिंबाची." तर म्हणतात, "ते दिसतंय. मालक कोण?" म्हटलं, "मीच. का, चोरीला गेली होती का कोणाची?" — नाही, तेव्हा नाही हसले. तो माणूस हसायला फार वेळ घेतो. आज सांगितलेल्या विनोदाला परवा हसतो.

तर झालं असं की हॉस्पिटलच्या मागच्या गेटनं गेलं की ती पिवळी इमारत आहे ना — नाही नाही, तुमच्या वडिलांचं रक्त तिकडे नाही जात, ते इथेच तळघरात तपासतात — ती संशोधनाची प्रयोगशाळा. तिथे हे कामाला. मोठे साहेब वगैरे नव्हेत हं. वजनं करायची, बरण्या भरायच्या, यंत्र पुसायचं, सांगतील ते वाळवायचं, दळायचं. आणि तिथल्या मॅडमचं काम काय, तर आपण फळाचा गर खातो, रस पितो, साल आणि बी फेकून देतो — त्या फेकलेल्यात शरीराच्या उपयोगाचं काय काय असतं ते शोधायचं. त्यांना रोजच्या रोज ताजी टरफलं पाहिजेत. बाजारातून फळं आणून सोलायची तर गर कोण खाणार? म्हणून हे इकडे. मी म्हटलं न्या हो, मला तेवढाच डबा हलका. दुसऱ्या दिवसापासून दुपारी गर्दी सरली की हे हजर. नाव विचारायचं राहूनच गेलं, आणि मग विचारायची लाज वाटायला लागली, म्हणून मी आपली "सालवाले" म्हणायला लागले. सालवाले, आज संत्री चिक्कार आहेत. सालवाले, अननसाची साल चालते का. त्यांनीही कधी सांगितलं नाही की मला काही नाव आहे म्हणून!

— गोड पाहिजे का अजून? नको? नकोच. डाळिंबाला साखर म्हणजे डाळिंबाचा अपमान. हेही मला त्यांनीच शिकवलं. आधी मी चमचा चमचा घालायचे.

पहिल्या आठवड्यात मला म्हणाले, "फळं आधी नीट धुऊन घेता का? सालीवर फवारणीचं औषध असतं. आम्हाला साल स्वच्छ लागते." मला राग आला. मी म्हटलं, "म्हणजे गिऱ्हाइकाला कशीही चालते आणि तुमच्या बरणीला स्वच्छ लागते, असं?" तर गोरेमोरे झाले. म्हणतात, "तसं नव्हे, गिऱ्हाइकाला तर आधी लागते." आणि दुसऱ्या दिवशी स्वतः एक मोठी घासणी आणि टब घेऊन आले, आणि तिथे, त्या नळाखाली, कोटाच्या बाह्या वर करून लिंबं घासत बसले. पांढऱ्या कोटातला माणूस माझी लिंबं घासतोय! येणारे-जाणारे बघतायत, कोणीतरी विचारलं, हे डॉक्टर का? मी म्हटलं, हो, लिंबांचे. — पण तुम्हाला सांगते, तेव्हापासून इथे जी स्वच्छता आली ती आली. बघा ना, एक माशी दाखवा मला.

आणि सांगायचे इतकं गंभीरपणे! एकदा डाळिंबाचं टरफल हातात घेऊन म्हणतात, "दाण्यांपेक्षा यात पॉलिफेनॉल जास्त असतात." मी म्हटलं, "ही पॉली कोण?" अहो, थट्टा केली मी. तर हे पंधरा मिनिटं उभं राहून मला समजावतायत — शरीरात रोजच्या झिजेनं गंज चढल्यासारखं होतं, आणि हे पदार्थ त्याला आवर घालायला मदत करतात असं दिसतं. संत्र्याच्या सालीखालचा तो पांढरा पापुद्रा, जो आपण ओरबाडून काढतो, त्यात चोथा चांगला असतो, पोटाला बरा. द्राक्षाच्या बियांत अमुक, आंब्याच्या कोयीत तमुक. मी ऐकत राहिले. शेवटी म्हटलं, "म्हणजे मी पंचवीस वर्षं लोकांना हलका माल प्यायला दिला आणि भारी माल कचऱ्याच्या गाडीत टाकला, असंच ना?" तेव्हा हसले बघा! तिथल्या तिथे! इतके की चष्मा काढून पुसायला लागले. मला काय वाटलं सांगू, लॉटरी लागल्यासारखं वाटलं.

— नाही, तुम्ही लगेच घरी जाऊन साली खायला लागू नका हं! सगळे हेच करतात. ते नेहमी सांगतात, सगळ्याच बिया खाण्याजोग्या नसतात, सफरचंदाच्या तर चावूच नयेत. आणि वडिलांना गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरला विचारा. बरणीत जे सापडतं ते माणसाच्या पोटात तसंच वागेल असं नसतं, असंही म्हणतात. मी आपली रस काढणारी. मला विचारून औषध घेतलंत तर मग ती खिडकीवाली मला ओरडेल.

आता बघा, मी किती बोलते. तुम्ही म्हणत असाल, बाईच्या तोंडाला झाकण नाही. पण मी अशी नव्हते हो. आमचे हे होते ना — गाळा त्यांचाच, त्यांनीच थाटला — ते बोलायचे आणि मी सोलायचे. असं आमचं वाटप. गिऱ्हाईक त्यांचं, सुरी माझी. दिवसभरात मी दहा शब्द बोलले तर पुष्कळ. मग ते आजारी पडले, इथेच वरच्या मजल्यावर होते, आणि गेले. जाऊ दे ते. पण मग गाळ्यात बोलणार कोण? पहिले दिवस मी नुसती मान हलवायचे. लोकांना वाटलं मुकी आहे की काय! एक आजोबा तर मला खुणा करून लिंबू सरबत मागायचे. मग हळूहळू तोंड उघडलं, आणि आता मिटत नाही. सालवाले एकदा म्हणाले, "तुमच्याकडे आलं की मला काही बोलावं लागत नाही, बरं वाटतं." दुसरा कोणी असता तर मी ते टोमणा म्हणून घेतलं असतं.

रस मात्र प्यायचे नाहीत. रोज विचारायचे मी, रोज मान हलवायचे. शेवटी मी चिडले, म्हटलं माझा कचरा चालतो आणि रस चालत नाही? तेव्हा कळलं की साखरेचा त्रास आहे. मग मी त्यांना बिनसाखरेचं लिंबूपाणी द्यायला लागले, वरून थोडी साल किसून. ते प्यायचे. आणि त्याची परतफेड म्हणून एक दिवस थर्मास घेऊन आले — वाळवलेल्या संत्र्याच्या सालींचा काढा, स्वतः उकळलेला. काय सांगू तुम्हाला, कडू जहर! जिभेचं चामडं झालं. आणि समोर हे उभे, डोळे मोठे करून, परीक्षेला बसलेल्या मुलासारखे. मी काय म्हणणार? म्हटलं, "छान आहे." मेले! दुसऱ्या दिवशी पुन्हा थर्मास. तिसऱ्या दिवशी मोठा थर्मास! आणि मी रोज प्यायले. शेवटचा थेंब. आता तर न प्यायलं तर चुकल्यासारखं होतं. सवय हो, माणसाला कशाचीही लागते.

— काय म्हणालात? हो, येतेच मी डाळिंबावर. ऐकायचंच आहे तर ऐका. तुम्ही काही इथल्या नाही, रिपोर्ट घेऊन जाल, परत भेट होईल न होईल, म्हणून सांगतेय. कुठे बोलू नका.

मध्यंतरी डाळिंबाचा भाव चढला. चढला म्हणजे काय, पेशंटचे नातेवाईकसुद्धा पाटी वाचून लिंबू सरबताकडे वळायला लागले. बादली रिकामी. सालवाले आले, बादलीत बघितलं, तळाशी दोन टरफलं. म्हणाले, "आज कमी आहेत." म्हटलं, "उठाव नाही." तर ते बादलीतच बघत म्हणाले, "मग उद्या येऊ की नको?" साधाच प्रश्न. पण मी सुरी टाकून पुढेच आले. मी म्हटलं, "या, या! उद्या खूप असणार आहेत. उद्या माझी मोठी ऑर्डर आहे." कसली ऑर्डर आणि काय! तोंडातून निघून गेलं. मग काय करते? भाव उतरवला. तोट्यात. बाकीच्या फळांवर भरून काढायचं म्हटलं, आणि येईल त्याला डाळिंब, मागेल त्याला डाळिंब, मोसंबी मागितली तरी डाळिंब. तरीही उरायचीच, तेव्हा घरी न्यायचे. मी खातेय, शेजारीण खातेय. लेक आली माहेरी — शहराच्या त्या टोकाला असते, आली की दोन दिवस राहते — फ्रिज उघडून म्हणते, "आई, घरात काय डाळिंबाचा कारखाना काढलायस?" आणि मी त्या डाळिंबांची टरफलं पिशवीत घालून दुसऱ्या दिवशी इथे बादलीत आणून टाकायचे! घरचा कचरा दुकानात आणणारी बाई बघितलीत कधी? बघून घ्या.

माझी एक मैत्रीण आहे, त्या एक्स-रेच्या खोलीत असते. दुपारी डबा घेऊन इथेच येते. तिनं एक दिवस घास हातातच ठेवून विचारलं, "डाळिंब स्वस्त का झालं गं?" मी म्हटलं आवक वाढली. ती म्हणाली, "कोणाची?" — माणसाच्या आतलं बघायचा धंदाच तिचा. मी उठून उगाच काउंटर पुसत बसले.

आणि मग तो दिवस आला. त्या प्रयोगशाळेच्या मॅडम स्वतः आल्या रस प्यायला. त्यांच्या आईला इथे दाखवायला आणलं होतं. मी उत्साहानं म्हटलं, "मॅडम, तुमची सगळी टरफलं इथूनच येतात बरं का!" त्या बघतच राहिल्या. म्हणाल्या, "कसली टरफलं? सालींचं काम आमचं कधीच संपलं. गेल्या उन्हाळ्यात. आता आम्ही पानांवर काम करतो." गेल्या उन्हाळ्यात! मग हा माणूस इतके महिने पिशव्या भरभरून नेतोय त्या कुठे? डोकंच फिरलं माझं. म्हटलं, विकतोय. नक्की विकतोय. चेहऱ्याला लावायच्या लेपवाल्यांना विकत असेल, नाहीतर भुकटी करून. आणि मी मूर्ख, तोटा सोसून त्याच्या धंद्याला माल पुरवतेय, वर कडू काढा पितेय! रागापेक्षा, खरं सांगू का, लाज वाटली. स्वतःचीच. वाटलं, या वयात कोणी आपल्याला असं खुळ्यात काढावं!

दुसऱ्या दिवशी आले, पिशवी पुढे केली. मी मान वर केली नाही. म्हटलं, "आजपासून साली मिळणार नाहीत." ते म्हणाले, "का?" म्हटलं, "पानं घेऊन या मॅडमकडून, मग सांगते." बस्स. कळलं त्यांना. थर्मास काउंटरवर ठेवला आणि गेले. आणि मग आलेच नाहीत. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, आठवडा गेला. बादल्या भरून वाहायला लागल्या, आणि मला त्या कचऱ्यात टाकवेनात. एक्स-रेवाली म्हणाली, "अशी तोंड पाडून बसतेस त्यापेक्षा जाऊन भांडून ये." मलाही पटलं. भांडायलाच गेले मी! शपथेवर सांगते, भांडायलाच. मागच्या गेटच्या रखवालदाराकडून पत्ता घेतला, गाळ्याला कुलूप लावलं आणि भर दुपारी जाऊन धडकले.

तिसरा मजला. जिन्यातच वास यायला लागला. संत्र्यांचा. खालची बाई दारात उभी होती, म्हणते, "तुम्ही त्यांच्या कोण? सांगा त्यांना, मुंग्या झाल्यात आमच्याकडे." वर गेले, दार वाजवलं, त्यांनी उघडलं — आणि मी भांडणच विसरले. अहो, काय होतं ते घर! दोन खोल्या, आणि जिकडे बघावं तिकडे साली. वर्तमानपत्रं पसरून त्यावर साली, पलंगावर साली, खिडकीत दोरीला माळा करून अडकवलेल्या साली, कपाटावर बरण्या, बरण्यांवर बरण्या. झोपत कुठे होता हा माणूस? खुर्चीत! डाळिंबाची टरफलं वाळून अशी खडखडीत झालेली, पाय ठेवला की कुडुम कुडुम. मी विचारलं, "हे काय?" तर खाली मान घालून म्हणतात, "काम संपलं तेव्हा सांगणार होतो. रोज सांगणार होतो. पण तुम्ही धुऊन, वेगळं करून, बादलीवर झाकण घालून ठेवायच्या. मला सांगवेना. आणि आणलेलं टाकवेना."

मी बसले. म्हणजे बसायला जागा नव्हतीच, टरफलांवरच बसले. आणि म्हटलं, "माझ्याकडे डाळिंबाची ऑर्डर नव्हती." ते म्हणाले, "कुठली ऑर्डर?" मग मी सगळं सांगितलं. भाव उतरवल्याचं, घरून पिशवीत टरफलं आणल्याचं. ते ऐकत होते, ऐकत होते, आणि अर्ध्यातच हसायला लागले. दुसऱ्यांदा विनोदाच्या वेळेवर हसले असतील! मीही हसले. खालच्या बाईनं वरती काठी ठोकली तेव्हा थांबलो. मग दोघांनी मिळून खोली आवरली. चार पोती भरली. कुठे गेली माहितीये? खालच्या बाईच्याच कुंड्यांना, खत म्हणून. आता ती मुंग्यांचं नाव काढत नाही.

— नाही नाही, त्या बादल्या आता तुम्ही बघताय त्या खऱ्याच कामाच्या आहेत. त्या पलीकडच्या रोपवाटिकेत जातं सगळं. सालवालेच नेऊन देतात. ते एक निमित्त राहिलं आहे आपलं.

राहिलं आहे म्हणजे, आजपर्यंत राहिलं. त्यांची नोकरी संपली हो, मागच्याच आठवड्यात. लांबच्या गावात धाकटा भाऊ आहे, त्यानं दादासाठी एक खोली बांधून ठेवलीय, केव्हाचा बोलावतोय. तर निरोपाचा समारंभ आटोपून, गळ्यातला हारही न काढता इथे आले आणि म्हणाले, "मी तिकडे जाऊ की नको?" अहो, पुन्हा तसाच प्रश्न! या माणसाला सरळ काही विचारताच येत नाही. मी म्हटलं, "म्हणजे काय?" तर कान लाल करून म्हणतात, "म्हणजे, इथे दोघांनी एकाच घरात राहायचं असेल, रीतसर नोंदणी वगैरे करून, तर मी जाणार नाही." बघा, आयुष्यात एवढं लांब वाक्य पहिल्यांदा बोलले असतील. मी म्हटलं, विचार करून सांगते. तर म्हणाले, "सांगा. नाही म्हणालात तरी चालेल, बादल्या घासून ठेवून जाईन."

मी लेकीला फोन केला. तिला न विचारता कसं करू? एकुलती एक. सगळं सांगितलं. मी म्हटलं, "आहेस का?" ती म्हणाली, "ठेवते." आणि ठेवला. तेव्हापासून फोन नाही. मी केला तर उचलत नाही. तिचं तरी काय चुकलं, वडिलांवर जीव होता तिचा. गाळ्यावर बसून त्यांच्याच मांडीवर अभ्यास करायची ती. त्या जागी दुसरं कोणी बघायचं म्हणजे — मला कळतं ते. म्हणून आज सकाळी कुलूप उघडतानाच मी ठरवलं होतं, नाही म्हणायचं. आज दुपारी ते यायचेत, उत्तर घ्यायला. वाक्यसुद्धा तयार केलं होतं. "लेकीच्या मनाविरुद्ध नको." छोटंसं. अडखळायला नको म्हणून सकाळपासून घोकतेय, आणि नेमक्या तुम्ही आलात.

— काय झालं? माझ्या तोंडाकडे काय बघताय? हसतेय? मी? कधीपासून? — सगळं सांगत होते तेव्हापासून? काहीतरीच! थर्मासचं सांगताना? फळीचं सांगताना पण? बाई गं.

नाही, पण थांबा. थांबा जरा. खरंच हसत होते का मी? कारण मला वाटत होतं मी पोटातून रडतेय. — बघा, हे असं आहे. लेक रुसलीय, मान्य. पण ती माझी लेक आहे, रुसवा काढता येईल. जाईन मी तिच्या घरी, बसेन बाहेर, उघडेल नाही दार? लहानपणी काय कमी रुसायची! मी काही तिच्या वडिलांना पुसून टाकत नाहीये. त्यांनी मांडलेला गाळा अजून मीच चालवतेय ना? त्यांच्यासारखंच बोलतेय ना? पण घरी गेल्यावर बोलायला कोणी नको का? भिंतीशी किती बोलायचं! मी हो म्हणणार. अगदी. आज, इथेच. "हो" म्हणायला घोकावं पण लागत नाही. — आता बघा, ज्याला सांगायचं तो राहिला बाजूला, आणि तुम्हाला आधी सांगून बसले! काय म्हणावं मला. तुम्ही ना, फार शांत बसता हो, समोरच्याला बोलतं करता. वडिलांची लेक शोभता — नाही, मला काय माहीत तुमचे वडील, पण असेच असणार.

ती बघा, खिडकी उघडली. तुमचा नंबर लागेल आता. पेला राहू दे तिथेच, मी धुते. नाही हो, पैसे राहू देत, आज राहू देत, मला आज —

— अगं बाई. ते आले. त्या गेटमधून, ते, पांढऱ्या केसांचे, चष्मा. आज कोट नाही म्हणून ओळखायला जरा — पण बरोबर कोण आहे? ती निळ्या ओढणीची... ती तर... माझी लेक! ही इथे कशी? आणि त्यांच्याबरोबर? हिला कुठे भेटले? अहो, ही तिकडे गेली होती की काय, त्यांना बघायला? मला न सांगता? इतके दिवस फोन उचलत नव्हती ती याच्यासाठी होय! आणि ती... ती हसतेय? बघा हो तुम्ही, माझे डोळे नीट नाहीत, हसतेय ना ती? पोट धरून? ते काय बोलले असतील तिला? ते तर बोलतच नाहीत! काय सांगितलं असेल — अय्या, फळीचं सांगितलं की काय —

तुम्ही जा. जा हो ताई, रिपोर्ट घ्या, चांगलाच असेल, जा. मला केस तरी नीट करू दे. — काय हो दादा, तुम्हाला रस हवाय? नाही हो, रस नाही, काही नाही. गाळा बंद आहे.